मांड ठोकण्यापूर्वी

मराठी माणसाच्या रक्तात घोडा आहे, याबद्दल दुमत नाही. गावोगावच्या चौकांत अश्वारूढ पुतळे आहेत, १७५८ साली आपली घोडी अटकेपर्यंत जाऊन आली आहेत आणि भीमथडीच्या तट्टांचं नाव काढलं की, ज्याने उभ्या आयुष्यात तट्टाला हात लावलेला नाही त्याचीही छाती फुगते. अडचण एवढीच की, रक्तात घोडा असला तरी स्नायूंत खुर्ची आहे. अटकेपार गेलेल्यांचे वंशज दिवसभर ऑफिसात बसतात, जाता-येता गाडीत बसतात आणि घरी आल्यावर दमलो म्हणून सोफ्यावर बसतात. बसण्याचा एवढा दांडगा सराव असल्यामुळे घोड्यावरही आपल्याला सहज बसता येईल, अशी त्यांची खातरी असते.

ही खातरी पाहायची असेल तर रविवारी सकाळी पुण्याबाहेरच्या एखाद्या रायडिंग क्लबात जावं. माझी मुलगी अशा एका ठिकाणी शिकते, त्यामुळे मी कुंपणालगतच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून हा विषय सखोल अभ्यासला आहे. सातची तुकडी लहान मुलांची. ती पोरं घोड्यावर चढतात, फिरतात, उतरतात, घोड्याला गाजर देतात आणि पोहे खायला पळतात. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. साहित्य जन्माला येतं ते आठच्या तुकडीत. ती मोठ्यांची.

मोठ्यांचं सामान आधी येतं, माणूस मागाहून. घट्ट ब्रीचेस, गुडघ्यापर्यंतचे बूट, हातमोजे, आणि फोटो काढायला एक नातेवाईक. यातलं हेल्मेट तेवढं पहिल्या दिवसापासून लागतंच. दुचाकीवरच्या हेल्मेटसक्तीविरुद्ध हयात वेचलेले गृहस्थ इथे पट्टा हनुवटीखाली मुकाट आवळतात. घोड्याशी पुणेरी युक्तिवाद चालत नाही.

शिकवणारे उस्ताद घोडदळातून दफेदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्या तोंडी चार आज्ञा असतात: टाच खाली, नजर समोर, खांदे मागे, पोटात दम. पहिल्या तिन्ही जमल्यासारख्या दिसतात. चौथी ऐकली की तुकडीतला प्रत्येक जण पोट आत ओढतो, श्वास कोंडतो आणि लाल होतो. "साहेब, फोटो न्हाई काढायचा," उस्ताद म्हणतात, "श्वास घ्या की!"

तुकडीत एक जिमवाला आहे. त्याच्या दंडांना टी-शर्ट पुरत नाहीत. पहिल्याच दिवशी त्याने लगाम असा खेचला की, जणू समोर वजनाचं यंत्र आहे. घोड्याने मान खाली घातली, लगाम पुढे ओढला आणि जिमवाला दंडांसकट त्याच्या मानेवर आला. साधा हिशेब आहे. चांगल्या घोड्याचं वजन चारशे-पाचशे किलोंच्या घरात असतं. त्याच्याशी रस्सीखेच करायची ठरवली तर निकाल आधीच जाहीर करून नाश्त्याला जायला हरकत नाही. ताकदीने घोडा ऐकत असता तर जगातले सगळे घोडे पैलवानांनीच वापरले असते. तो ऐकतो ते बसण्याच्या पद्धतीला. अंगावर माशी बसली तर तेवढ्याच जागेची कातडी थरथरवणारा हा प्राणी आहे. पाठीवर बसलेला ऐंशी किलोंचा गृहस्थ कुठे कलला, कुठे घाबरला आणि मनात कर्जाचा हप्ता कधी आला, हे त्याला कळतं.

दुसरा मॅरेथॉनवाला. त्याचा दम कधीच संपत नाही, फक्त त्याचा खोगिरावर उपयोग होत नाही. धावून धावून त्याच्या मांड्यांच्या शिरा इतक्या आखडल्या आहेत की, पाय घोड्याच्या दोन्ही बाजूंना सोडायचा म्हटलं तरी त्याला वाटाघाटी कराव्या लागतात.

तिसरे आमच्या सोसायटीतले बँकवाले काका. निवृत्तीनंतर काय करायचं याची त्यांनी एक यादी केली होती. तिच्यात पहिलं नाव घोड्याचं, दुसरं सतारीचं. सतारीचं अजून निघालेलं नाही.

आता या मंडळींचं घोडं नेमकं कुठे पेंड खातं ते सांगतो. घोडा नुसता चालला तरी त्याची पाठ वर-खाली, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे अशी तिन्ही अंगांनी एकदम हलते. स्वाराच्या कंबरेने ही हालचाल मुकाट मान्य करायची आणि खांद्यांना, हातांना, डोक्याला तिचा पत्ताही लागू द्यायचा नाही, असा हा कारभार आहे. चालीत तो जेमतेम निभतो. मग घोडा दुडकीला लागतो. दुडकीत पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम पडतात, मग दुसरी तिरपी जोडी. दर ठोक्याला पाठ उसळते. त्यावर उपाय म्हणून एका ठोक्याला उठायचं आणि दुसऱ्याला हलकेच टेकायचं. शाळेत ज्या उठाबशा शिक्षा म्हणून फुकट मिळत होत्या, त्या इथे तासाचे पैसे मोजून काढाव्या लागतात. काका घोडा खाली गेला की वर असतात आणि घोडा वर आला की खाली येतात. दोघांची भेट अर्ध्या वाटेत होते. तिचा आवाज कुंपणापर्यंत ऐकू येतो.

पडायची भीती वाटली की माणूस जे करतो ते नेमकं उलटं. तो गुडघे आवळतो. ओल्या साबणाची वडी मुठीत आवळली की ती जशी वर निसटते, तसा गुडघे आवळलेला स्वार खोगिरातून वर निघतो. पाय सैल, लांब, खाली हवेत. तोल सांभाळायचा तो मधल्या धडाने. आणि मधलं धड म्हटलं की लोकांना आठवतो सिक्स पॅक. तो बिचारा वरचा देखावा आहे. खरी नोकरी करतात ते आतले: कंबरेभोवती आडवा वेढा घालणारा स्नायू, बरगड्यांखालचे तिरपे स्नायू, मणक्यालगतचे बारीक स्नायू, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ. हे कोणी आरशात पाहत नाही, त्यांचे फोटो निघत नाहीत आणि त्यांनी एक दिवस काम सोडलं तर माणूस घोड्यावरून पिशवीतल्या बटाट्यांगत घरंगळतो. सरकारी कचेरीतही काम असंच चालतं. साहेबांचा फोटो भिंतीवर असतो आणि फाइल कारकून हलवतो.

या सगळ्याला खुर्ची जबाबदार आहे, असं म्हटलं तर ते आजकालचं फॅड वाटेल. पण इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं, त्यातही हेच आहे. घोड्यावर खुर्चीत बसल्यासारखं बसू नये, पाय फाकवून ताठ उभं राहिल्यासारखं असावं, असं त्याचं म्हणणं. त्या काळी ग्रीकांकडे रिकिबी नव्हत्या, त्यामुळे न ऐकणारा विद्यार्थी आपोआप जमिनीवर जाऊन धडा पाठ करत असे. आजही शिक्षक हीच परीक्षा घेतात. बाजूने पाहिलं तर कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत यायला हव्यात. समजा, जादूने खालचा घोडा काढून घेतला, तर स्वार दोन पायांवर उभा राहिला पाहिजे. काकांच्या खालून घोडा काढला असता तर ते पाठीवर पडले असते, तेही पाय पुढे करून, एखादी फाइल मागवण्याच्या तयारीत. छत्तीस वर्षं बँकेच्या खुर्चीने मांडीच्या पुढच्या आणि कंबरेच्या स्नायूंना आखूड करून ठेवलं होतं. बँकेने निवृत्तिवेतन दिलं, स्नायूंची लांबी परत दिली नाही.

मग उस्तादांनी गृहपाठ दिला. "घोड्यावर शिकाल ते आठवड्यातून एक दिवस. बाकीचे सहा दिवस चटईवर." काकांनी हॉलमध्ये चटई अंथरली आणि सोसायटीला मनोरंजनाचं साधन मिळालं.

पहिला प्रकार प्लँक. कोपर आणि चवडे टेकून शरीर फळीगत ताठ ठेवायचं. घड्याळातला सेकंदकाटा किती आळशी असतो, हे याच व्यायामात कळतं. दुसरा साइड प्लँक, म्हणजे तेच दुःख एका कुशीवर. तिसरा बर्ड डॉग: हातापायांवर रांगत्या अवस्थेत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे ताणायचा, कंबर जराही न हलवता. हा प्रकार कॅनडातल्या स्टुअर्ट मॅकगिल नावाच्या पाठीच्या अभ्यासकाने पाठीसाठी निवडलेल्या तीन मुख्य व्यायामांत आहे, साइड प्लँकही त्यातच आहे, असं काकांनी काकूंना समजावून सांगितलं. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा काका चारी पायांवर होते आणि नातू पाठीवर चढायच्या बेतात होता.

"अहो," काकू म्हणाल्या, "तुम्हाला घोड्यावर बसायचंय की घोडा व्हायचंय?"

प्रश्न विनोदी असला तरी शास्त्राला धरून होता. पाठीवरचा नातू डावी-उजवीकडे कलला की काय होतं, ते काकांना त्या दिवशी घोड्याच्या बाजूने समजलं. पुढच्या रविवारी ते घोड्याशी जरा अदबीने बोलताना दिसले.

गृहपाठात आणखीही होतं. दात घासताना एका पायावर उभं राहणं. जेवताना डायनिंग टेबल सोडून खाली मांडी घालून बसणं, म्हणजे कंबरेचे सांधे मोकळे होतात. उकिडवं बसून वर्तमानपत्र वाचणं. हे सगळं आजोबा कोणी न सांगता करत होते. नातवाला त्यासाठी मोबाइलमध्ये ॲप टाकावं लागतं आणि ॲप दर तासाला विचारतं, आज बसलात का? सूर्यनमस्कार तर आपल्याकडे औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानभर रुजवले होते. मल्लखांबावर जी अढी शिकवतात, ती मांड्यांची आणि पोटाची एकत्र परीक्षाच असते. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा उभारी दिली. तो खांब आहे तिथेच उभा आहे. त्याची महिन्याची फी कमी असल्याने लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. अर्थात पाठीचं दुखणं किंवा मणक्याची तक्रार असेल तर यातलं काहीही करण्यापूर्वी डॉक्टरला विचारावं. लेख वाचून प्लँक करणाऱ्याची जबाबदारी लेखकावर नाही.

घाम न गाळता मधलं धड कमावायची हौस जुनी आहे. टायटॅनिकवरच्या व्यायामशाळेत विजेवर डुलणारा घोडा होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांनीही व्हाइट हाउसमध्ये विजेचा घोडा ठेवला होता आणि ते त्यावर नेमाने बसत. या घोड्यांना चारा लागत नाही, ते लाथ मारत नाहीत आणि मुख्य म्हणजे स्वाराबद्दल त्यांचं काहीही मत नसतं. खऱ्या घोड्याकडून आपण जे शिकतो ते नेमकं त्याचं मत.

हे मत माथेरानला फार स्पष्ट ऐकू येतं. दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारींना मज्जाव, त्यामुळे तिथे घोडेवाल्यांची गर्दी असते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार त्याच्या पाठीवर नसावा, असा जाणकारांचा ढोबळ नियम आहे. तीनशे किलोंच्या तट्टासाठी हा आकडा साठ किलो होतो, खोगीर धरून. नाक्यावर उतरणाऱ्या आपल्या पुरुषांकडे पाहावं आणि आकडेमोड करावी. साठ किलो त्यांनी दहावीत मागे टाकलेले असतात. त्यातून गृहस्थ मागे रेलून, एका बाजूला कलून, एका हाताने सेल्फी घेत बसले की, तट्टाच्या पाठीला साठाचे शंभर वाटत असणार. वजन तेवढंच असलं तरी तोल धरलेलं वजन हलकं पडतं आणि ढिलं सोडलेलं जड. झोपलेलं मूल कडेवर घेतलेल्या कुणालाही हे विचारावं. माथेरानच्या लाल मातीतून घोडा चालतो, वर साहेब बसतात आणि शेजारून घोडेवाला चालतो. या तिघांत पोटाचे स्नायू शाबूत असलेले दोघेच, आणि पैसे देतो तो तिसरा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोड्याचे दात पाहतात, खूर पाहतात, चाल पाहतात. गिऱ्हाइकाचं पोट तपासायची पद्धत अजून पडलेली नाही. घोड्यांना विचारलं तर ती पडावी.

म्हणजे पोटात दम धरायचा तो ऐटीसाठी नव्हे, घोड्याच्या पाठीसाठी. हे एकदा डोक्यात शिरलं की बरेच प्रश्न सुटतात. दम धरायचा, पण श्वास धरायचा नाही, कारण श्वास अडला की अंग लाकूड होतं आणि लाकडाखाली घोडाही ताठरतो. त्यावर उस्तादांचा तोडगा म्हणजे गाणं. गाताना श्वास कोंडता येत नाही. दुडकीत गाणं म्हणा, असा हुकूम सुटला तेव्हा तुकडीची पंचाईत झाली. सगळ्यांना अथपासून इतिपर्यंत पाठ असलेलं एकच निघालं, गणपतीची आरती. त्यानंतर दर रविवारी साडेआठला मैदानात पाच घोडे आरतीच्या ठेक्यावर दुडक्या चालीने फिरू लागले. शेजारच्या फार्महाउसवाल्याने एकदा प्रसाद आहे का म्हणून विचारलं. पण गंमत म्हणजे जिमवाल्याचे खांदे त्या दिवशी पहिल्यांदा खाली आले.

आता शेवटची पायरी, हात सोडण्याची. बाजीरावाबद्दल एक आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याचं चित्र काढायला चित्रकार पाठवला. दिसेल तसा काढून आण, अशी आज्ञा. चित्रात आला तो घोड्यावर बसलेला, लगाम सैल सोडलेला आणि दोन्ही हातांनी ज्वारीची कणसं चोळून दाणे तोंडात टाकणारा बाजीराव. आपण या गोष्टीतला साधेपणा पाहतो. उस्ताद त्यातली मांड पाहतात. ज्याचे दोन्ही हात हुरड्यात आहेत त्याने तोल कशावर धरला? हातावर नाही, रिकिबीवर नाही, मधल्या धडावर. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्येही नवशिक्याला लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर लगाम-रिकिबीविना बसवतात आणि हेच शिकवतात. आपल्याकडे त्या आख्यायिकेतून एवढंच उरलं की, थंडीत हुरडा पार्टी असते आणि तिथे मोठ्या गाडीतून जातात.

वय झालं, आता कसलं जमणार, ही सबबही इथे चालत नाही. जपानचे हिरोशी होकेत्सू १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत उतरले होते आणि २०१२ला लंडनमध्ये पुन्हा उतरले, तेव्हा त्यांचं वय ७१ होतं. याच खेळात स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत एकमेकांविरुद्ध उतरतात. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजच्या सांघिक प्रकारात भारताने सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं ते ४१ वर्षांनी आलेलं सुवर्ण, आणि त्या संघात दोन मुली आणि दोन मुलगे होते, त्यांतला एक मुंबईचा. काकांनी ही माहिती टिपून ठेवली आणि काकूंना सांगितली. तीच चूक झाली म्हणायची.

काकू तोवर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून मटार सोलत असत. रविवारची सकाळ वाया घालवणं त्यांना मंजूर नव्हतं. पुण्यात येण्यापूर्वी त्यांनी नोकरीची सगळी वर्षं डोंबिवलीहून व्ही.टी.ला लोकलने ये-जा केली. संध्याकाळच्या परतीला बसायला जागा मिळायची नाही, पण घरी जाऊन भाजी करायची असायची. त्यामुळे पिशवी खांद्याला, दोन्ही हात शेंगांत आणि पाय जरा फाकवून, गुडघे सैल, अशा अवस्थेत त्या पाव किलो मटार ठाण्यापर्यंत संपवत. गाडीने गचका दिला तर कंबर तेवढी हलायची, दाणा इकडचा तिकडे व्हायचा नाही. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यात काही विशेष आहे, असं त्यांच्या गावीही नव्हतं. डब्यातल्या सगळ्याच जणी असंच करत.

"त्या होकेत्सूंना जमतं, तर मी का नको?" असं म्हणून एका रविवारी त्यांनी मटारची पिशवी माझ्याकडे दिली, ओढणी कंबरेला खोचली आणि हेल्मेट घातलं. उस्तादांनी त्यांना सर्वांत शांत घोडीवर बसवलं आणि लांब दोरीवर फिरवायला सुरुवात केली. एक फेरी चालीत झाली, मग दुडकी. काका कुंपणापाशी जीव मुठीत धरून उभे होते. काकूंचे खांदे हलत नव्हते. टाचा खाली होत्या. कोणी न सांगता.

"मॅडम, आधी कुठं शिकला होता?" उस्तादांनी विचारलं.

"सेंट्रल रेल्वेत," काकू म्हणाल्या.

"मग आता हात सोडा," उस्ताद म्हणाले. आठच्या तुकडीला ही आज्ञा मिळून कित्येक आठवडे झाले होते. जिमवाल्याने अजून एकच हात सोडला होता, तोही पैजेवर. काकांनी तर खोगिराचा पुढचा काठ लॉकरच्या किल्लीइतक्या निष्ठेने धरून ठेवला होता.

काकूंनी दोन्ही हात सोडले आणि ओंजळ पुढे करून माझ्याकडे पाहिलं.

"आण ती पिशवी इकडे. निम्मे राहिलेत."